फळीवरून थेट उकळत्या पाण्यात

२०१३ च्या जानेवारीत बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बेर्ग भागात चित्रकार-शिल्पकार केटे कोलविट्स यांच्या पुतळ्यावर कोणीतरी नूडल्स फेकल्या. त्याच्या थोडेच दिवस आधी जर्मन संसदेचे तेव्हाचे उपाध्यक्ष वोल्फगांग थीर्झे यांनी एका मुलाखतीत नाराजी बोलून दाखवली होती. नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबेन प्रदेशातून बर्लिनला येऊन स्थायिक झालेल्या मंडळींवर त्यांचा रोख होता. त्या वादात पुतळ्यावर जाऊन पडले ते श्पेट्सले : अंडी आणि पिठाचे, बोटाच्या पेराएवढे, वेडेवाकडे मऊ तुकडे. हे काम कोणत्या बाजूने झाले, हे बर्लिनमध्ये कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. एखाद्या प्रदेशाची ओळख एका पदार्थाशी इतकी जोडलेली क्वचितच आढळते.

जर्मन जेवण म्हणजे बटाटा आणि सॉसेज, हा समज उत्तरेपुरता बराचसा खरा आहे. दक्षिणेत, म्हणजे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आणि त्याला लागून असलेल्या पश्चिम बव्हेरियात, रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या रश्शाबरोबर श्पेट्सलेच लागतात. या प्रदेशाचे मुख्य शहर श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचे भगिनी शहर आहे, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र व बाडेन-वुर्टेम्बर्ग या दोन राज्यांनी भागीदारीचा करार केला. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेले कोणी ना कोणी आता अनेक मराठी घरांत असते. तिथल्या कॅन्टीनमध्ये किंवा मित्राच्या घरी हे पदार्थ चाखलेल्यांना ते आपल्या स्वयंपाकघरात सहज करता येतात. साहित्य फार लागत नाही, यंत्रही लागत नाही. मात्र वाळवलेल्या नूडल्सचे पाकीट आणून हा पदार्थ होत नाही, हे आधीच पक्के करून घ्यावे. वाळवलेले श्पेट्सले शिजल्यावर गुळगुळीत आणि टणक लागतात. ताज्यांची सगळी मजा त्यांच्या खरखरीत अंगात असते, कारण रस्सा आणि चीज त्या खरखरीतपणालाच धरून राहते. युरोपीय संघाने २०१२ मध्ये ‘श्वाबेनचे श्पेट्सले’ या नावाला भौगोलिक संरक्षण दिले आहे.

पदार्थ जुना आहे. १७२५ मध्ये वुर्टेम्बर्गचे वैद्य रोझिनो लेन्टिलियस यांनी पिठापासून होणाऱ्या पदार्थांत श्पेट्सलेचा आणि त्यांच्या गोलसर भावंडांचा, क्न्योप्फ्लेचा, उल्लेख केला. श्वाबेनच्या डोंगराळ पठारावर, श्वेबिशे आल्बवर, जमीन खडकाळ आणि हवा थंड. तिथे डिंकेल नावाचा सालासकट येणारा जुना गहू तग धरून राहिला. त्याच्या पिठात चिकटा भरपूर असल्यामुळे अंडी कमी पडली तरी नूडल मोडत नसे. गरिबांच्या घरी अंडी विकायची असत, खायची नसत, तेव्हा ही गोष्ट महत्त्वाची होती. आपल्याकडचा खपली गहू हा डिंकेलचा नातलग. तोही सालासकट येतो, पण त्याचा चिकटा कमजोर असतो. म्हणून हौसेने खपलीचे पीठ वापरायचे असेल तर एक चतुर्थांशाहून जास्त घालू नये, नाहीतर पाण्यात नूडलऐवजी पेज दिसेल.

आता पिठाकडे. जर्मनीत या कामासाठी थोडे रवाळ, हाताला लागणारे पीठ वेगळे विकत मिळते. त्यात गुठळ्या होत नाहीत आणि शिजल्यावर तुकड्याला दाताखाली थोडा जोर राहतो. इथे ३०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम बारीक रवा एकत्र चाळून घेतला की काम भागते. चार माणसांना एवढे पुरते. तिकडे घरोघरी हिशेब ठरलेला असतो : १०० ग्रॅम पिठाला एक अंडे, आणि पाहुणे असतील तर वर आणखी एक. पण जर्मनीतले मध्यम आकाराचे अंडे ५३ ते ६३ ग्रॅमचे असते आणि आपल्या बाजारातले बहुधा त्याहून लहान. तेव्हा ४०० ग्रॅम पिठाला इथली पाच अंडी धरावीत. दीड चमचा मीठ घालावे. पाणी १०० ते १५० मिलिलिटर लागते, पण ते एकदम ओतू नये. रवा पाणी पीत राहतो, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत पीठ सैल वाटले तरी नंतर ते आवळते. काही जण साध्या पाण्याऐवजी सोडा वॉटर घालतात. बुडबुड्यांमुळे श्पेट्सले जरा हलके होतात, पण ते नसले तरी काही अडत नाही. जायफळ किसून घालणारी घरे आहेत, न घालणारीही आहेत.

खरे काम फेटण्याचे आहे, आणि नवखे लोक नेमके तिथेच घाई करतात. खोल पातेल्यात पीठ, मीठ, अंडी आणि निम्मे पाणी घालून लाकडी डावाने एकाच दिशेने, खालून वर उचलत जोरात फेटावे. पहिल्यांदा पीठ डावाला चिकटून ओढाताण करते. मग हळूहळू त्याला तकाकी येते, कडेपासून सुटायला लागते आणि मध्येच एखादा मोठा बुडबुडा फुटतो. असे बुडबुडे येईपर्यंत पाच-सात मिनिटे हात थांबवायचा नाही. पिठातल्या चिकट्याचे धागे या मारामुळेच जुळतात. डाव उंच उचलला की पीठ त्यावरून ओघळून न जाता जाड, लांब पदरासारखे सावकाश खाली उतरावे आणि शेवटी तुटावे, इतपत दाट हवे. ओतता येत असेल तर ते पातळ झाले आहे, एखादा मोठा चमचा मैदा घालावा. गोळ्यासारखे डावालाच बसून राहिले तर पाण्याचा हबका द्यावा. मग झाकून २० ते ३० मिनिटे ठेवावे आणि वापरण्याआधी पुन्हा दोन-चार वेळा फेटावे.

तोवर मोठ्या पातेल्यात निदान तीन लिटर पाणी उकळायला ठेवावे. मीठ हात सैल सोडून घालावे. श्पेट्सले पाण्यात मिनिट-दोन मिनिटेच राहतात, तेवढ्यात चव आत शिरली पाहिजे.

खरवडण्याची कला बघताना अवघड वाटते, हाताला मात्र लवकर सापडते. त्यासाठी तिकडे मुठीची, एका बाजूला निमुळती होत गेलेली लाकडी फळी असते. आपल्याकडे भाजी चिरायचा पातळ लाकडी फळा चालतो. आधी तो त्याच उकळत्या पाण्यात बुडवून ओला करावा. त्यावर दोन मोठे चमचे पीठ घेऊन पट्टीने, नाहीतर लांब सरळ पात्याच्या सुरीने, पाण्याकडच्या कडेपर्यंत पातळ पसरावे. पीठ कडेला आले की तिथून पट्टी तिरपी धरून, फळ्यावर दाबून, धाग्याएवढा पातळ पदर सपकन पाण्यात ढकलायचा. लगेच पट्टी मागे घ्यायची, पुढचा पदर. पट्टी उभी धरली तर तुकडे जाड पडतात, फार आडवी धरली तर पीठ चिकटून बसते. दर चार-पाच वारांनंतर पट्टी आणि फळ्याचे टोक पाण्यात बुडवावे, हे विसरले की सगळे अडते. तुकडे एकसारखे आले नाहीत म्हणून कोणी हिरमुसू नये. एक लांब, एक आखूड, एकाला शेपूट असेच ते दिसायला हवेत. हाताने खरवडलेल्या श्पेट्सलेची ओळखच ती आहे आणि श्वाबेनची गृहिणी ताटात तेच आधी बघते.

हात बसेपर्यंत दुसरा मार्ग आहे. तिकडे बटाटे कुस्करायच्या यंत्रासारखा दाबयंत्राचा प्रकार मिळतो. आपल्या घरातला सोऱ्या, जाड शेवेची ताटली लावून, तेच काम करतो. पीठ भरून पाण्यावर धरावा, दाबत जावे आणि खाली लोंबलेल्या शेवया सुरीने कापाव्यात. मोठ्या भोकांच्या झाऱ्यावर पीठ घालून डावाने घासले तर गोलसर थेंब पडतात. ते क्न्योप्फ्ले. बोडेनझे तलावाच्या आसपास आणि आल्गॉयच्या डोंगरात त्यांनाच पसंती आहे.

एका वेळी पाण्यात गर्दी करू नये. श्पेट्सले वर तरंगले, पाण्याला पुन्हा उकळी आली, की झाऱ्याने उचलावेत. लगेच वाढायचे असतील तर गरम पाण्यातून काढून तव्यावर वितळलेल्या लोण्यात घोळवावेत. नंतर वाढायचे असतील तर गार पाण्यात टाकून, चाळणीत निथळून, चमचाभर तेल चोळून ठेवावेत. फ्रीजमध्ये दोन दिवस ते छान राहतात.

आता या श्पेट्सलेंचे काय करायचे? सर्वांत आधी केझे-श्पेट्सले, म्हणजे चीज घातलेले. हा आल्गॉयचा पदार्थ. आल्प्सच्या पायथ्याशी गाई चरतात, दूध भरपूर होते आणि ते टिकवायला चीज करावे लागते, त्या अर्थव्यवस्थेतून हा पदार्थ आला. ४०० ग्रॅम पिठाच्या श्पेट्सलेंना अडीचशे ते तीनशे ग्रॅम चीज लागते : निम्मे मुरलेले, तिखटसर बर्गकेझे आणि निम्मे एमेंटाल. पहिल्याने चव येते, दुसऱ्याने तार. भारतात एमेंटाल किंवा ग्रुयेर मोठ्या शहरांत मिळते, महाग असते. परवडत नसेल तर मुरलेले चेडार आणि गौडा अर्धे-अर्धे घ्यावे. चौकोनी वड्यांत किंवा डब्यात मिळणारे प्रक्रिया केलेले चीज मात्र या पदार्थात घालूच नये. त्यात चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात. त्यामुळे ते गुळगुळीत सॉससारखे वितळते, तार धरत नाही, आणि वर खारटपणा राहतो.

कांदे आधी करावेत, कारण त्यांना वेळ लागतो. तीन मोठे कांदे पातळ गोल चिरून लोण्यात मंद आचेवर निदान २० ते २५ मिनिटे ठेवायचे. घाई केली की कडा करपतात आणि आत कच्चट राहते. आधी कांदा पाणी सोडतो, मग काचेसारखा होतो, मग कडेने पिवळा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत झपाट्याने तांबूस. या शेवटच्या पाच मिनिटांत गॅसपाशीच उभे राहावे. ओव्हन १५० अंशांवर गरम करून त्यात मातीचे किंवा जाड काचेचे भांडे तापत ठेवावे. श्पेट्सलेचा पहिला घाणा पाण्यातून निघाला की निथळून सरळ त्या भांड्यात टाकावा, वर किसलेले चीज, मग दुसरा घाणा, पुन्हा चीज. कोरडे वाटले तर शिजवलेल्या पाण्यातले दोन चमचे शिंपडावे. क्रीम घालू नये. पाच-दहा मिनिटे ओव्हनमध्ये, वर कांदे, ताजी मिरपूड, आणि शेजारी व्हिनेगर घातलेली हिरव्या पानांची कोशिंबीर. ही आंबट कोशिंबीर चुकवू नये, तिच्याशिवाय चौथ्या घासाला जड वाटायला लागते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर झाकण ठेवूनही होते.

श्वाबेनच्या घरात आठवड्याचे साधे जेवण मात्र वेगळे : मसूर आणि श्पेट्सले. यामागची हकिकत सांगण्यासारखी आहे. श्वेबिशे आल्बवर शतकानुशतके मसूर पिकत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पीक परवडेनासे झाले, शेतकऱ्यांनी सोडले आणि स्थानिक वाणांचे बियाणेही नाहीसे झाले. लाउटराख गावचे शेतकरी वोल्डेमार माम्मेल यांनी १९८० च्या दशकात परदेशी बियाण्यावर मसूर पुन्हा सुरू केला. जुन्या वाणांचा शोधही चालू राहिला. २००६ मध्ये ते वाण रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बीज-संग्रहात सापडले. त्या मूठभर बियांपासून ते वाढवले गेले आणि आज आल्बच्या शेतांत ओट किंवा बार्लीच्या आधाराने उभे असतात, कारण मसुराचे झाड एकटे आडवे पडते.

आपल्याकडे बाजारात मिळणारा सालासकट, तपकिरी अख्खा मसूर या पदार्थाला चांगला जातो. साल काढलेली केशरी डाळ चालणार नाही, ती विरघळून जाते. २५० ग्रॅम मसूर दोन-तीन तास भिजवून घ्यावा. एक कांदा, एक गाजर, थोडी सेलेरी बारीक चिरून लोण्यात परतावी. मांसाहारी घरात त्याबरोबर धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात. चमचाभर टोमॅटोची पेस्ट, मसूर, पाणी किंवा स्टॉक घालून मऊ पण अख्खा राहील इतपत शिजवावे. तमालपत्र घालायचे तर अर्धेच, कारण आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास असतो आणि तिकडच्या पानाला नसतो. दुसऱ्या कढल्यात दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा चांगला बदामी रंगावर भाजून, थोडे पाणी घालून मसुरात मिसळला की रस्सा दाटतो. आणि अगदी शेवटी, गॅस बंद करताना, दोन-तीन चमचे व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. आंबट आधी घातले तर मसूर शिजायचा थांबतो, हे आमटीत चिंच केव्हा घालायची हे ठाऊक असलेल्या वाचकांना सांगायला नको. ताटात श्पेट्सले, त्यावर मसूर आणि बाजूला दोन लांब पातळ सॉसेज. ती उकळत्या पाण्यात टाकू नयेत, साल फाटते. उकळी थांबवून गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत.

सूपच्या रूपात हवे असेल तर गाइसबुर्गर मार्श. गाइसबुर्ग हा श्टुटगार्टचाच एक भाग. गोमांसाचा निवळ रस्सा, त्यात बटाट्याच्या फोडी, मांसाचे तुकडे आणि श्पेट्सले, वर लोण्यात तांबूस केलेला कांदा आणि पार्स्ली. इथे मटणाच्या हाडांचा निवळ रस्सा वापरून हाच पदार्थ उत्तम होतो. अट इतकीच, की बटाटे रश्श्यात शिजवावेत आणि श्पेट्सले वेगळे शिजवून वाढताना घालावेत. एकत्र शिजवले तर रस्सा गढूळ होतो.

माउलटाशेन हे या घराण्यातले सणाचे काम. लाटलेल्या पिठाच्या पट्टीत सारण भरून केलेले, तळहाताएवढे चौकोन. त्यांची आख्यायिका माउलब्रोनच्या मठाशी जोडलेली आहे. हा मठ १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असते, तेव्हा मठवासीयांनी मांस पालकात मिसळून पिठाच्या आवरणात लपवले, असे सांगतात. आख्यायिका खरी असो-नसो, पवित्र गुरुवारी आणि गुड फ्रायडेला श्वाबेनमध्ये माउलटाशेन आजही खाल्ले जातात. २००९ मध्ये त्यांनाही युरोपीय संघाचे संरक्षण मिळाले. त्याच वर्षी बोडेनझेकाठच्या कॉन्स्टान्झ शहरात एक खटला देशभर गाजला. वृद्धाश्रमातल्या एका कर्मचारी महिलेने उरलेले सहा माउलटाशेन घरी नेले, म्हणून तिला कामावरून काढले होते. कामगार न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरवली, पण पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयात तडजोड होऊन तिला भरपाई मिळाली.

आवरणासाठी ३०० ग्रॅम मैदा, तीन अंडी, चमचाभर तेल, मीठ आणि लागेल तसे एक-दोन चमचे पाणी घेऊन घट्ट पीठ मळावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. हा विश्रांतीचा अर्धा तास टाळला तर लाटताना पीठ मागे आकसत राहते. सारणात पारंपरिक घटक असतो सॉसेजचा कच्चा, लोण्यासारखा मऊ खिमा. तो इथे मिळत नाही, म्हणून २५० ग्रॅम खिमा मिक्सरमध्ये आणखी एकदा बारीक फिरवून घ्यावा. २५० ग्रॅम पालक पाण्यात मिनिटभर उकळून, गार करून, मुठीत घट्ट पिळावा. अगदी घट्ट, कारण राहिलेले पाणी आवरण फाडते. दोन शिळे पाव दुधात भिजवून पिळून घ्यावेत. लोण्यात परतलेला एक कांदा, मूठभर पार्स्ली, एक अंडे, जायफळ, मिरी, थोडा सुका मरवा. सगळे हाताने कालवून, चिमूटभर तव्यावर भाजून चाखावे आणि मिठाचा अंदाज घ्यावा. कोथिंबीर घालायचा मोह आवरावा, तिने पदार्थ जागचा हलतो.

एकेक चौकोन भरत बसण्याची गरज नाही. पीठ पोळपाटापेक्षा मोठ्या ओट्यावर, आरपार हात दिसेल इतके पातळ, लांबट लाटावे. त्यावर सारण पसरून एक कड मोकळी ठेवावी आणि तिला पाणी लावावे. मग सैल गुंडाळी करून हाताने चपटी करावी. आता लाकडी डावाची मूठ आडवी ठेवून दर चार बोटांवर घट्ट दाबावी, म्हणजे सारण दोन्ही बाजूंना सरकते आणि मधे पीठ पिठाला चिकटते. त्या खाचांवर सुरी चालवली की एकदम आठ-दहा माउलटाशेन मोकळे होतात. खारट पाणी किंवा रस्सा खळखळता नको, नुसता थरथरता हवा. त्यात १२ ते १५ मिनिटे.

पहिल्या दिवशी ते रश्श्यात वाढावेत, किंवा लोण्यात परतलेल्या कांद्याबरोबर. दुसऱ्या दिवशी उरलेले बोटभर जाड कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करावेत आणि वर दोन फेटलेली अंडी ओतावीत. अनेक घरांत पहिल्या दिवशी मुद्दाम जास्त केले जातात ते याचसाठी. या लेखातला एकच पदार्थ पाहुण्यांसाठी निवडायचा असेल तर हाच निवडावा. शाकाहारी सारणही श्वाबेनमध्ये सर्रास होते : पालक, पाव, कांदा आणि खिम्याच्या जागी किसलेले चीज किंवा ताजा, फार आंबट न झालेला चक्का. चक्का रात्रभर टांगलेला, पूर्ण निथळलेला हवा.

शुप्फनुडेल्न बटाट्याचे. जर्मनीत बटाटा रुळण्याआधी ते नुसत्या पिठाचे होत. हाताच्या तळव्यावर वळलेले, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते. इथे यश-अपयश बटाट्यावर ठरते. नवा, ओलसर बटाटा घेतला तर पीठ घालतच राहावे लागते आणि शेवटी रबर होते. साठवणीतला जुना, पिठाळ बटाटा अर्धा किलो घेऊन सालासकट उकडावा, गरम असतानाच सोलून किसावा आणि ताटात पसरून वाफ जाऊ द्यावी. पूर्ण गार झाल्यावर एक पिवळा बलक, मीठ, जायफळ आणि १०० ते १२५ ग्रॅम मैदा घालून पटकन गोळा करावा. मळत बसू नये. जास्त मळल्याने बटाट्यातला स्टार्च सुटून गोळा चिकट होतो. सुपारीएवढा गोळा दोन्ही तळव्यांमध्ये वळला की आकार आपोआप येतो. खारट पाण्यात टाकून वर येईपर्यंत शिजवावेत, निथळावेत, आणि मग लोण्यात किंवा तुपात सोनेरी करावेत.

त्यांची जोडी आंबवलेल्या कोबीशी, म्हणजे साउअरक्राउटशी. श्टुटगार्टच्या दक्षिणेला फिल्डर नावाचे सपाट, सुपीक मैदान आहे. तिथला टोकदार कोबी याच कामासाठी प्रसिद्ध आहे. डब्यातला साउअरक्राउट महाग पडतो, घरी करणे स्वस्त आहे आणि हिवाळ्यात सोपेही. एक किलो कोबी बारीक चिरून त्याला २० ग्रॅम मीठ चोळावे, पाणी सुटेपर्यंत चुरडावे, चिमूटभर शहाजिरे घालून काचेच्या बरणीत ठासून भरावे आणि कोबी स्वतःच्या पाण्याखाली बुडून राहील असे वजन ठेवावे. झाकण सैल ठेवावे, आत वायू होतो. दोन-तीन आठवड्यांत तो चांगला आंबतो. कडक उन्हाळ्यात हे करू नये, कोबी लिबलिबीत होतो. तयार कोबी पिळून, कांद्याबरोबर तव्यावर परतून, त्यातच तळलेले शुप्फनुडेल्न घालावेत. श्टुटगार्टच्या कान्श्टाट भागातल्या शरद ऋतूच्या जत्रेत मोठ्या पसरट कढयांतून हाच पदार्थ कागदी द्रोणात मिळतो.

अंडी न खाणाऱ्यांसाठी या घराण्यात शुप्फनुडेल्न हाच खरा पर्याय. बटाटा कोरडा असेल तर बलक न घालताही ते छान होतात. बिनअंड्याचे श्पेट्सले करता येतात, निम्मा रवा घालून आणि जास्त वेळ फेटून, पण ते मऊ आणि फिके होतात. ते रश्श्याबरोबर चालतात, चीजबरोबर फिके पडतात.

सुरुवात करणाऱ्याने पहिल्यांदा केझे-श्पेट्सले करावेत, सोऱ्याने. दुसऱ्या वेळी फळ्यावर खरवडून बघावेत आणि दोन्हींतला फरक स्वतः चाखावा. माउलटाशेनला घरात दोन जोडी हात मोकळे असतील असा रविवार निवडावा. आणि घरातले कोणी श्टुटगार्टहून सुटीला येणार असेल तर या वेळी चॉकलेटांऐवजी एक लाकडी फळी, तिच्यासोबतची खरवडायची पट्टी आणि अर्धा किलो मुरलेले बर्गकेझे आणायला आवर्जून सांगावे.